दुसऱ्याचं प्रारब्ध

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणाच्या घरी अघटित घडलं, की भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी एक वाक्य बोलतोच : "काय करता बापा, त्याचं प्रारब्धच तसं होतं." विहिरीत पडलेलं पोर असो, वीज पडून गेलेली बैलजोडी असो, की वावरात औषध घेतलेला कर्ता माणूस असो, वाक्य तेच. ऐकणारे माना हलवतात, कुणी तंबाखू मळतो, थोड्या वेळानं बोलणं पावसावर येतं. बोलणारा दुष्ट नसतो. उलट, गप्प बसवत नाही म्हणून काहीतरी बरं बोलावं, एवढीच त्याची इच्छा असते. पण कॉलेजच्या वर्षांपासून हे वाक्य मला खुपत आलं आहे. त्या तीन वर्षांत जे शिकलो त्यातलं पुष्कळसं परीक्षेबरोबर संपलं. एक प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला : दुसऱ्याच्या दुःखाचं मूळ त्याच्याच मागल्या जन्मात आहे, असं सांगण्याचा अधिकार कुणाला असतो का?

१९८३ साली मी बी.ए.ला यवतमाळला आलो. त्याच वर्षी मे महिन्यात नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन अमरावती विद्यापीठ सुरू झालं होतं. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, लाडखेडच्या बाजूला. सुट्टीत गावी जायचं तर शकुंतला होती, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची, वऱ्हाडातला कापूस वाहून न्यायला इंग्रज कंपनीनं टाकलेल्या अरुंद रुळांवरची गाडी. तेव्हा ती वाफेच्या इंजिनावरच चालायची, आणि इतकी सावकाश, की दोन स्टेशनांच्या मधे पुस्तकाचं एक प्रकरण वाचून व्हावं.

तत्त्वज्ञान घेतलेली आम्ही मोजकीच पोरं होतो. आमच्या सरांचा एक दंडक होता. कुठल्याही मताला विरोध करायचा असेल तर आधी ते मत असं मांडून दाखवायचं, की ते मानणाऱ्यानं म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उठायची परवानगी नव्हती. कर्मसिद्धान्त त्यांनी असाच शिकवला. फळ्यावर संचित म्हणजे साठलेलं कर्म, प्रारब्ध म्हणजे त्यातलं भोगायला आलेलं, क्रियमाण म्हणजे आत्ता करतो ते, असे तीन शब्द लिहिले आणि सांगितलं, की हा सिद्धान्त आळशी माणसाची सबब म्हणून जन्माला आलेला नाही. एक खरोखरीचा अवघड प्रश्न सोडवायला तो आला. देव दयाळू आहे आणि सगळं त्याच्या हाती आहे, तर एक जण सुखात लोळतो आणि एक जण जन्मभर कण्हतो, हे कसं? देव पक्षपाती आहे, की निर्दय?

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप सरळ मांडलेला आहे. उत्तर असं, की देव जे देतो ते प्रत्येकाच्या कर्माकडे पाहून देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. शंकराचार्यांनी तिथे दृष्टान्त दिला आहे पावसाचा. पाऊस साळीवर आणि जवावर सारखाच पडतो. एकातून साळ उगवते, दुसऱ्यातून जव, तो फरक बियाण्याचा. देव पावसासारखा, कर्म बियाण्यासारखं.

घाटंजीकडचा एक मुलगा शेवटच्या बाकावर बसायचा. तो उठला आणि म्हणाला, "सर, पाऊस सारखा पडते हे आचार्यायले कोनं सांगतलं? आमच्या धुऱ्याच्या अलीकडे पडते आन् पलीकडे नाही पडत."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला पुढे बोलावलं आणि म्हणाले, पूर्ण मांड. त्यानं मांडलं. मृगात पेरलं आणि पंधरा दिवस आभाळ कोरडं राहिलं तर दुबार पेरणी. ती ज्याच्याजवळ दुसऱ्या बॅगेचे पैसे आहेत तोच करू शकतो. बियाणं घरचं राहिलेलं नाही, संकरित एच-४ कृषी केंद्रातून विकत आणावं लागतं. ते उगवलं नाही तर शेतकऱ्याच्या हाती रिकामी पिशवी. म्हणजे पाऊस सारखा नाही आणि बियाणंही आपलं नाही. मग दृष्टान्तात उरलं काय?

सरांनी आधी आचार्यांची बाजू घेतली. "आचार्य म्हणतील, पाऊस तुझ्या वावराला चुकला हेही तुझं कर्म, आणि बॅग खोटी निघाली हेही." मुलगा थोडा थांबला, मग म्हणाला, "मग सर, सगळंच कर्मात गेलं. पाऊस पडला तरी कर्म, नाही पडला तरी कर्म. यातून मले माह्या वावराबद्दल नवीन काय समजलं?"

त्या तासाला मी जे शिकलो ते नंतर कुठल्या पुस्तकात इतकं स्वच्छ भेटलं नाही. ज्या उत्तरात काहीही बसतं, ते उत्तर समोरच्या या एका माणसाबद्दल काहीच सांगत नसतं. कर्मसिद्धान्त खरा असेलही. जगाच्या मुळाशी न्याय आहे, केलेलं वाया जात नाही, ही श्रद्धा मी कमी लेखत नाही, माझ्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण सिद्धान्त खरा मानला तरी समोरच्या घटनेवरून मागचं कृत्य वाचता येत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायातच म्हटलं आहे, की कर्माची गती समजायला फार गहन आहे. जी गती भगवंत गहन म्हणतात, ती पारावर बसून आपल्याला कशी कळते? श्रद्धावान माणसानं तर हे वाक्य उच्चारताना इतरांपेक्षा जास्त बिचकायला हवं.

दत्त चौकाच्या मागच्या बाजूला आमची खोली होती. माझा खोलीतला जोडीदार नेर तालुक्यातला, बौद्ध घरातला, शिकायला कॉमर्सला. त्याचे बाबा १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेसाठी नागपूरला गेले होते. दीक्षाभूमीवरच्या त्या दिवसाबद्दल ते फार कमी बोलत आणि बोलले की ताठ बसून बोलत. जोडीदाराच्या ट्रंकेत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा मराठी अनुवाद असायचा. बाबासाहेब आंबेडकरांचा हा ग्रंथ त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ साली निघाला. मी कर्मावरच्या टिपणांची उजळणी करत असताना त्यानं ते पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. मागल्या जन्माच्या कर्मानं माणूस गरीब होतो असं म्हटलं, की समाज आणि सरकार दोघंही मोकळे होतात, जबाबदारी उरते ती फक्त गरिबाची, असा बाबासाहेबांचा आक्षेप होता. जोडीदार म्हणाला, "तुमच्या सरले विचार, याचं उत्तर कोणत्या सूत्रात हाय."

मी विचारलं. सरांनी त्यालाच वर्गात बोलावलं, आणि त्या दिवसापासून तो कॉमर्सचा मुलगा अधूनमधून आमच्या बाकावर दिसू लागला. सरांनी त्याला संयुत्तनिकायातलं एक सुत्त सांगितलं. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो : माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारं पूर्वकर्मामुळे, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं काय मत? बुद्ध कारणं मोजून दाखवतात. काही वेदना पित्तानं होतात, काही कफानं, काही वातानं, काही तिन्ही मिळून, काही ऋतू पालटल्यानं, काही हयगय झाल्यानं, काही दुसऱ्यानं केलेल्या आघातानं, आणि आठवं, काही कर्माच्या फळानं. पित्तानं झालेलं दुखणं पित्ताचं आहे, हे माणसाला स्वतःला कळतं आणि जगही ते मानतं. सगळं पूर्वकर्मावर टाकणारे स्वतःला कळतं त्याच्याही पलीकडे धावतात आणि जग मानतं त्याच्याही.

कर्म त्या यादीत आहे, बुद्धांनी ते काढून टाकलेलं नाही. पण आधी सात कारणं तपासायची आहेत. मला हे एखाद्या चांगल्या डॉक्टरच्या वागण्यासारखं वाटलं, जो आधी नाडी बघतो, जीभ बघतो, काय खाल्लं ते विचारतो.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती तेव्हा चिलगव्हाणची बातमी आली. महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण, आमच्याच जिल्ह्यातलं. १९ मार्च १९८६ ला साहेबराव करपे, त्यांच्या पत्नी मालती आणि त्यांची चार लेकरं यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला जीवन संपवलं. करपे गावचे सरपंच राहिलेले, भजनाचे, गाण्याचे शौकीन. वीज तोडली गेली आणि उभं पीक वाळलं, असं नंतर कळत गेलं. आज शेतकरी आत्महत्यांचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण त्या तारखेपासून सुरुवात करतात. तेव्हा तो इतिहास नव्हता, वर्तमानपत्राच्या पानावर छापलेलं एक घर होतं.

बसस्टँडजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. बाकावर पेपर पसरलेला. एक वयस्क गृहस्थ वाचून म्हणाले, "काय करता, ज्याचं त्याचं प्रारब्ध." जोडीदारानं विचारलं, "काका, आन् लेकराचं?" ते म्हणाले, "त्यायचंही असंल काही मागल्या जन्माचं देणं." जोडीदारानं पेला खाली ठेवला आणि उठून गेला. मला आजही वाटतं, की त्याच्या उठून जाण्यात जेवढा धर्म होता तेवढा त्या सगळ्या टपरीवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे सरांना सांगितलं. परीक्षा जवळ होती, तरी त्यांनी अभ्यासक्रमाबाहेरची गोष्ट काढली. बृहदारण्यक उपनिषदात जनकाची भर सभा भरली आहे. आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो : माणूस मेला, त्याची वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात, डोळे सूर्यात, शरीर मातीत, मग तो स्वतः कुठे राहतो? आतापर्यंत सभेत धडाधड उत्तरं देणारा याज्ञवल्क्य इथे थांबतो. म्हणतो, बाळ, हात दे माझ्या हातात, हे आपण दोघंच जाणून घेऊ, लोकांत बोलायचं हे नव्हे. दोघं बाहेर जातात. ते जे बोलले ते कर्माबद्दल बोलले, असं उपनिषद सांगतं. कर्माचा विचार उपनिषदांत जिथं अगदी आरंभी दिसतो त्यातली ही एक जागा.

भाष्यकार म्हणतात, की गर्दीत अशा गोष्टीचा निर्णय होऊ शकत नाही म्हणून ते बाहेर गेले. सरांनी एवढंच सांगितलं आणि पुस्तक मिटलं. पुढचा अर्थ माझा आहे. कर्माचं तत्त्व चारचौघांत उच्चारलं की त्याचा निकाल होतो, आणि निकाल लागला की कुणीतरी आरोपी ठरतो. याज्ञवल्क्यानं आर्तभागाचा हात धरला याला म्हणूनच मोल आहे. ज्याला ते सांगायचं त्याचा हात आपल्या हातात असला पाहिजे. टपरीवरच्या बाकावर चिलगव्हाणच्या त्या घरातल्या कुणाचाही हात नव्हता.

मग मी स्वतःसाठी एक नियम ठरवला होता : प्रारब्ध हा शब्द माणसानं फक्त स्वतःबद्दल वापरावा. नियम सोपा आणि नीटनेटका होता. माझ्या मायनं तो टिकू दिला नाही.

मी शाळेत असताना माझी धाकटी बहीण साप चावून गेली होती. कापूस वेचणीचे दिवस, अंधार पडल्यावर वावरातून परतताना धुऱ्यावर चावला. पायात काही नव्हतं, हातात कंदीलही नव्हता. बंडी जुंपून नेलं, जवळच्या दवाखान्यात लस नव्हती, पुढच्या ठिकाणी पोचेपर्यंत उशीर झाला. माय त्यानंतर म्हणत आली, "माहंच मांगल्या जल्माचं काही असन." तिनं हे दुसऱ्या कुणाबद्दल कधी म्हटलं नाही, स्वतःबद्दलच म्हटलं. माझा नियम तिनं पुरेपूर पाळला होता, आणि त्या वाक्यानं ती आतून पोखरली गेली. हळदीकुंकवाला जाणं सोडलं, लहान पोरीला मांडीवर घेणं सोडलं. शेजारपाजारचे तिच्याबद्दल मागं जे बोलले होते, तेच तिच्या तोंडून 'माहं' होऊन येत होतं. म्हणजे स्वतःबद्दल बोललं की वाक्य निर्मळ होतं, असं नाही. पुष्कळदा ते दुसऱ्यांनीच आपल्या तोंडात ठेवलेलं असतं.

सरांना हे सांगितलं तो आमचा जवळजवळ शेवटचा तास होता. त्यांनी मला महाभारताचं अनुशासनपर्व काढून दिलं, अगदी सुरुवातीचा अध्याय. शरपंजरी पडलेल्या भीष्मांपुढे युधिष्ठिर स्वतःला दोष देत बसला आहे, तेव्हा भीष्म त्याला गौतमीची गोष्ट सांगतात. गौतमी नावाच्या म्हातारीचा मुलगा साप चावून मरतो. अर्जुनक नावाचा पारधी त्या सापाला दोरीनं बांधून आणतो आणि विचारतो, याला आगीत टाकू, की तुकडे करू? गौतमी म्हणते, सोड त्याला. त्याला मारून माझा मुलगा परत येणार नाही. पारधी ऐकत नाही. साप म्हणतो, मी स्वाधीन नाही, मृत्यूनं मला पाठवलं. मृत्यू येतो, म्हणतो, मला काळानं पाठवलं. काळ येतो, म्हणतो, या मुलाच्या कर्मानंच तो गेला. तेव्हा शेवटी गौतमी म्हणते, मीही काही कर्म केलं असेल, ज्यामुळे माझा मुलगा गेला. साप सुटतो.

ती गोष्ट मी शकुंतलेत, गावी जाताना, पुन्हा पुन्हा वाचली. वरवर पाहता गौतमी आणि माझी माय एकच वाक्य बोलतात. फरक आहे तो क्रमाचा. गौतमीनं सापाला सोड म्हटलं ते गोष्टीच्या आरंभी, कर्माचं नावही निघालं नव्हतं तेव्हा. मारून काय मिळणार, हे तिनं आधीच पाहिलं होतं. कर्माचं वाक्य शेवटी आलं, आणि आलं ते पारध्याच्या हातातली दोरी सुटावी म्हणून. तिची करुणा त्या सिद्धान्तातून निघाली नाही. सिद्धान्त तिच्या करुणेच्या कामी आला. माझ्या मायच्या आयुष्यात सिद्धान्त आधी आला, आणि त्यानं दोरी तिच्याच गळ्यात घातली.

पुढे मी शिक्षक झालो, जिल्ह्यातल्याच एका ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. प्रारब्धाचं ते वाक्य हळूहळू नवे कपडे घालून येताना पाहिलं. २०१७ च्या पावसाळ्यात कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणी करताना औषध अंगावर, तोंडावर येत होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेनं दवाखान्यात आले, जिल्ह्यात विसावर माणसं गेली. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्या दिवसांत चांगली शिकलेली माणसंही मला सांगत होती : यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला बांधलं नाही, यांचंच चुकलं. मागल्या जन्माचं नाव यात कुठे नव्हतं, पण वाक्याची घडण तीच होती. मेलेल्या माणसाच्या खात्यावर सगळं टाकायचं, आणि दुकानात काय विकलं जात होतं, कोणतं मिश्रण कुणी सुचवलं, मजुराला संरक्षक कपडा देणं कुणाचं काम होतं, या कारणांकडे जायचंच नाही.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्‌घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. उद्‌घाटक म्हणून आधी नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं आणि ते निमंत्रण मागे घेतलं गेलं, याचा वाद मला माहीत आहे. ते निमंत्रण मागे घ्यायला नको होतं, असं माझं तेव्हाही मत होतं. पण ज्या बाईबद्दल सगळा जिल्हा बोलतो ती स्वतः माइकसमोर उभी राहिली, याचं मोल त्या वादानं कमी होत नाही. जिच्याबद्दल निकाल लागतात तिला बोलू देणं, हा आर्तभागाचा हात धरण्याचाच एक प्रकार आहे.

२०१७ पासून १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी करपे कुटुंबाच्या आठवणीत लोक एक दिवस अन्नत्याग करतात. मी आणि तो जोडीदार त्या दिवशी यवतमाळला भेटतो. तो बँकेतून निवृत्त झाला आहे. दोघंही उपाशी असतो आणि दिवसभर वाद घालतो. पुनर्जन्म त्याला मान्य नाही. मला तो सोडवत नाही, कारण केलेलं वाया जात नाही या विश्वासाला दुसरी जागा मला सापडलेली नाही. पण मागे वळून कुणाच्या दुःखाचं कारण शोधायला मी तो वापरत नाही, पुढे काय करायचं आहे तेवढ्यापुरताच ठेवतो. क्रियमाण तेवढं माझ्या हाती आहे. जोडीदार म्हणतो, "हे तुझ्यासारख्या शिकलेल्यापुरतं झालं. गौतमीचा क्रम तुह्या मायले कोनं समजावून सांगतला होता?"

कुणीच नव्हता सांगितला. ती असताना मला तो कळलाही उशिरा, आणि तोवर तिचं वाक्य तिच्यात मुरलं होतं. म्हणून आता गावात सप्ताह बसतो तेव्हा एका संध्याकाळी मला थोडा वेळ बोलायला देतात, त्यात मी गौतमीची गोष्ट सांगतो. गेल्या खेपेला गोष्ट संपल्यावर बायकांच्या बाजूनं एका आजीनं विचारलं, "गुरुजी, थे सारं ठीक हाय, पन तिचं पोरगं गेलं कायनं?"

मी म्हणालो, "साप चावला म्हणून गेलं, आजी."

मांडवात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एका तरुण मुलानं विचारलं, की आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात लस असते का. कुणी म्हणालं असते, कुणी म्हणालं मागल्या खेपेला नव्हती. आशाताई तिथेच बसल्या होत्या, त्यांनी उद्या विचारून सांगते म्हटलं. हरिपाठानंतर बराच वेळ बोलणं चाललं ते यावर, की रात्री-अपरात्री गावात कुणाची गाडी निघू शकते, दारव्ह्याला नेणं बरं की थेट यवतमाळला, आणि वेचणीला जाणाऱ्या बायांसाठी बॅटऱ्या आणि गमबूट सप्ताहाच्या वर्गणीतून घेता येतील का.